सत्तेचाळिसावा खण

ज्यानबाई आल्या तेव्हा मी फूलिंगचे काप चाळत होतो.
त्यांनी कागद पुढे केला.
डॉक्टर पेंगचं अक्षर, जनावरांच्या दवाखान्याचा शिक्का.
रुग्णाचं नाव तौह्वे. वय तेरा. वजन अकरा किलो.
"कुत्रा," त्या म्हणाल्या,
मी काही विचारलं नव्हतं तरी.

च्यायीत आमचं एकच दुकान नाही.
त्यांच्या घराजवळ दुसरं आहे, तिथेच त्या जायच्या.
वीस वर्षं आमच्यावरून जाताना
त्यांनी रस्ता ओलांडून पलीकडची बाजू धरली,
भर उन्हात, सावली आमच्या बाजूला असताना.

मी खण ओढू लागलो.
आधी दीह्वांग: नऊदा वाफवलेलं, नऊदा उन्हात घातलेलं,
काळं, चिकट, बोट सोडत नाही.
शान्याव, खडूसारखा. ह्वांगची.
दाह्वांग चिमूटभर, त्यापुढे पेंगनं लिहिलेलं:
जुलाब झाले तर लगेच बंद.
आणि तळाशी, खाली दोन रेघा मारून:
सलाइन चुकवायचं नाही. काढा वरचा, त्याच्या जागी नाही.
शहाणं पोर आहे.

"क्रिएटिनिन चार पॉइंट एक," त्या म्हणाल्या.
"आमच्या ह्यांचं अकरावर गेलं होतं."

तराजूची दांडी हलली.
आजोबांचा तराजू. त्यावर माणसांची मापं कोरलेली,
अकरा किलोच्या जिवासाठी खूण नाही.
मी अंदाजानं पाव धरला, मग त्यातूनही थोडं काढलं.

भिंतीत बहात्तर खण आहेत.
सत्तेचाळिसावा मी ओढत नाही.
चिठ्ठी खरवडून काढली, तरी लाकडावर
फिकट चौकोन राहिलाच.
त्यात एक वेल असायची, वाळलेली;
आडवी कापली की चाकाच्या आऱ्या दिसायच्या.
वखारीत ओंडके उचलणाऱ्यांची पाठ धरली की
वडील ती द्यायचे.
पुड्या मी बांधायचो, शाळेतून आल्यावर,
लाल दोरा, एका दमात गाठ.
ज्यानबाईंच्या नवऱ्याची गाठ
मी सात वर्षं बांधली.
मग सरकारचं पत्र आलं.
मग त्याच्या पायांवर सूज.
मग आठवड्यातून तीनदा यंत्र,
आणि यंत्राच्या दिवशी इस्पितळाच्या पायरीवर
सोयाच्या दह्याच्या रंगाचं एक पिल्लू,
चार तास, दाराकडे तोंड करून.

वडिलांना ठाऊक नव्हतं.
हे वाक्य मी इतक्यांदा वाफवलंय, इतक्यांदा उन्हात घातलंय
की तेही आता काळं झालंय,
बोट सोडत नाही.

"तो उघडा," ज्यानबाई म्हणाल्या.
कुठला, हे मी विचारलं नाही.

खण अडकला होता, दोनदा हिसका द्यावा लागला.
त्यांनी हात आत घातला, कोपऱ्यापर्यंत,
तळ चाचपला, एखादं हरवलेलं बटण शोधावं तसा,
आणि बोटं उजेडात धरून पाहिली.
नुसती धूळ.
"बरं," त्या म्हणाल्या. "बांधा आता."

गाठ काही केल्या बसेना.
त्यांनी दोऱ्यावर आपलं बोट ठेवलं, मी ओढलं.

पंधरा दिवसांनी त्या पुन्हा आल्या,
या वेळी तो बरोबर.
हाडं वर आलेली, तोंडाला अजून तो वास,
पण रताळ्याचा तुकडा खाल्ला म्हणे, स्वतःहून,
आणि काढा नळीनं द्यावा लागतो,
चमच्याकडे पाहून तो मान फिरवतो,
"अगदी ह्यांच्यासारखी."
आकडा?
"तीन पॉइंट नऊ. पेंग म्हणतो, फार हुरळू नका."

तौह्वेनं दुकान हुंगलं, पेटी हुंगली, माझी चप्पल हुंगली.
मग उंबऱ्यावरच पाय वर केला.
बराच वेळ. पाण्यासारखं पातळ, ना रंग ना वास,
म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही कळत होतं.

ज्यानबाईंनी माफी मागितली नाही.
मी फडकं आणायला उठलो नाही.
ओलावा दगडावरून सरकत
गटाराकडे निघाला होता. आम्ही तिघं बघत राहिलो.